उजवीकडे कलणारी रेघ

१० जून

अजगरा,

फोन केला की तू ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तुझी बायको वाचून दाखवेल. एक शब्दही गाळायचा नाही, अशी तिला माझी शपथ आहे.

चौथा मेमो आला म्हणे. सहा महिन्यांत चौथा! लाज नावाची काही चीज शिल्लक आहे की नाही? नऊ वर्षं त्या टेबलावर बसतोयस. बनून आलेलं प्रत्येक विजेचं बटण दाबायचं, खटका कोरडा वाजला की पास, मऊ वाजला की टोपलीत. अख्ख्या कारखान्यात माझ्याएवढा कान कोणाचा नाही, असं तूच छाती फुगवून सांगायचास. पंख्याखाली बसून करायचं काम, आणि तू तिथे हनुवटी छातीला लावून घोरतोस? समोर ट्रे तुंबलेत आणि सुपरवायझर शेजारी उभा राहून तुझं घोरणं ऐकतोय, हे मला तुझ्या बायकोने रडत रडत सांगितलं.

रात्री काय दिवे लावतोस कोणास ठाऊक. ती म्हणते, कानाला रेडिओ लावून घरभर येरझारा घालतोस. मला बाटलीची शंका येते. मनात ठेवण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तुला पांघरुणातून ओढून शाळेत घालणारी मीच. तेव्हाही अजगरच होतास. डोळे गेले याचं मला किती वाईट वाटतं ते तुला माहीत आहे, पण डोळ्यांबरोबर शिस्तही जाते असं कुठे लिहिलेलं नाही. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार आहे तुला? पोरगी अजून शाळेत आहे.

कामं मलाही असतात. प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत दोनशे उंदीर सांभाळते. दर चार तासांनी नमुने घ्यायचे, मग पहाट असो की भर दुपार. सोळा वर्षांत एकदाही पेंगलेली नाही.

तुझी ताई


१७ जून

ताई,

हिने शपथ पाळली. बाटलीचंसुद्धा वाचलं. उत्तर मीच टाइप करतोय. चुका दिसल्या तर डोळे मिटून वाच, मीही तसंच लिहितोय.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी जुनी खोड. बाटली! लग्नातसुद्धा सरबतावर भागवणारा माणूस मी. तुला हे माहीत नाही असं नाही. पण चारशे मैलांवर बसून भावाची लाज काढायला काहीतरी कारण लागतं ना.

रात्री काय करतो ते ऐक. झोपायचा प्रयत्न करतो. दोन-तीन आठवडे मी तुमच्यासारखा माणूस असतो. दहाला पाठ टेकली की झोप, सहाला जाग, कामाला वाघ. मग झोप सरकायला लागते. बाराशिवाय येत नाही, मग दोनशिवाय, मग चारशिवाय. नुसता ओंडक्यासारखा पडून असतो. जरा डोळा लागतो तोच गजर ओरडतो. पुढे तर भर दिवसा झोप येते, मागून कोणी पोत्यात घालावं तशी. मांडीला चिमटे काढून काळेनिळे डाग पडलेत, हिला विचार. आणि मग काही दिवसांनी आपोआप सगळं ठीक. का येते, का जाते, देव जाणे. डॉक्टर म्हणतो मनावर घेऊ नका. सुपरवायझर म्हणतो सोंग. तू म्हणतेस बाटली. तिघांनी मिळून काय ते ठरवा आणि मला कळवा.

शिस्तीचा एवढा पुळका आहे म्हणून मेमोच्या तारखाही देतो, भिंतीवर लाव: अकरा जानेवारी, दोन मार्च, सतरा एप्रिल, सहा जून.

आणि डोळे 'गेले' म्हणत जाऊ नकोस, गावाला गेल्यासारखे. याच कारखान्यात, मुलामा द्यायच्या विभागात, टाकीतलं अ‍ॅसिड उडालं. टाकीचं झाकण दोन महिने तुटलेलं होतं. मी तीनदा सांगितलं होतं. नंतर त्यांनी मला हे टेबल दिलं आणि सगळ्यांनी, तूसुद्धा, माझ्या वतीने त्यांचे आभार मानले.

एक सांग. मॅनेजर परवा म्हणाला, "तुमच्या घरचेही कंटाळलेत." त्याला कोणी सांगितलं? तो भावजींचा वर्गमित्र. तू काही बोललीस का त्याच्याशी?

छोट्या


२२ जून

छोट्या,

एवढं तिखट! मोठ्या बहिणीने दोन शब्द सुनावले तर तुझ्या अंगाचा इतका तिळपापड का व्हावा? वर्मावर बोट पडल्याशिवाय माणूस असा उसळत नाही.

झोप सरकते, झोप परत येते, हे काय गौडबंगाल आहे? झोप म्हणजे काय सासुरवाशीण आहे, माहेरी जाऊन यायला? सवय बिघडलीय तुझी, दुसरं काही नाही. आता मी सांगते तसं कर. संध्याकाळनंतर चहा बंद. गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवं व्हायचं नाही. आणि सकाळी उठल्याबरोबर गच्चीवर जाऊन अर्धा तास ऊन घ्यायचं, चेहरा सूर्याकडे करून. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणतात की सकाळच्या उजेडाने डोक्यातलं घड्याळ रोज नव्याने लागतं. मी हवेतलं सांगत नाही, सोळा वर्षं याच कामात आहे.

मॅनेजरशी मी बोलले का? नाही. मी कशाला बोलू?

ताई


२ जुलै

ताई,

आज पहिली चौकशी झाली. टेबलापलीकडे कामगार अधिकारी, मॅनेजर, सुपरवायझर आणि लिहून घ्यायला एक टायपिस्ट बाई. मी काही बोलण्याआधी मॅनेजरने एक कागद काढला आणि वाचला. मला पाठ झालाय तो:

"आमचा अजगर लहानपणापासूनच असा आहे. डोळ्यांमुळे सगळे त्याला दया दाखवतात आणि तो सोकावतो. आपण कडक वागावं, त्याशिवाय तो सुधारायचा नाही. ओळखीखातर एवढं करावं."

खाली तुझी सही, तीन मार्च.

'अजगर'वर टायपिस्ट बाई हसली. मग सुपरवायझर हसला. अधिकाऱ्याने खाकरून विचारलं, "ही तुमची सख्खी बहीण का?" मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मी कशाला बोलू?" बरोबर आहे, बोलली नाहीस. लिहिलंस. आणि मी विचारल्यावर तोंड वर करून नाही म्हणालीस. शिस्त ती हीच का?

आणि ऊन घे म्हणे! कशावर घेऊ ऊन? माझ्या खोबणीत काच आहे, ताई. रात्री काढून वाटीत ठेवतो. ती वाटी नेऊन ठेवू का गच्चीवर, सूर्याकडे तोंड करून? आमच्या बाई म्हणतात! तुझ्या त्या बाईंना विचार, आंधळ्याचं घड्याळ कोण लावतं.

शेवटची सुनावणी चोवीस जुलैला, सकाळी अकरा वाजता. नोकरी राहते की जाते ते तिथेच ठरणार. त्या दिवशी मी बोलणार आहे. नऊ वर्षांत मला कोणी काही विचारलेलं नाही. त्या दिवशी नियमाप्रमाणे त्यांना विचारावंच लागेल, आणि काय सांगायचं ते मी आत्तापासून पाठ करतोय.

तू उत्तर पाठवू नकोस. हिलाही वाचायची इच्छा नाही.

अजगर


७ जुलै

छोट्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीच्या दोन्हींत 'तुझ्या भल्यासाठी' असं आलं, म्हणून फाडली. होय, लिहिलं मी. दोन मार्चचा मेमो कळला, डोकं फिरलं आणि दुसऱ्याच दिवशी लिहिलं. मग तुझ्याशी खोटं बोलले. याला सबब नाही.

वहिनी, पुढचं मात्र नीट वाचून दाखवा. हात जोडते.

"आंधळ्याचं घड्याळ कोण लावतं" हे तू मला शिवी म्हणून लिहिलंस. मी ते वाचलं आणि तशीच अंधारखोलीत जाऊन उभी राहिले. तिथे उंदरांना आठवडेच्या आठवडे उजेड दाखवत नाहीत, कशासाठी, तर हेच बघायला. रोज कधी उठले, कधी झोपले, त्याची एकाखाली एक पट्टी काढायची. ते काम माझं. परत आले, तुझ्या मेमोच्या तारखा काढल्या आणि मधले दिवस मोजले. पन्नास. शेहेचाळीस. पन्नास.

छोट्या, हे बाटलीचं नाही, आळसाचं नाही, सोंग तर नाहीच. दोन्ही डोळ्यांच्या नसा आत जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे बरोबर वर मेंदूत तांदळाच्या दाण्याहून बारीक जागा आहे. तिथल्या पेशींमध्ये काही जनुकं सकाळी कामाला लागतात आणि आपलं प्रथिन बनवतात. ते दिवसभर साठतं, संध्याकाळी पेशीच्या गाभ्यात परततं आणि ज्या जनुकांनी त्याला बनवलं त्यांनाच गप्प करतं. रात्रीत ते विरून जातं की जनुकं पुन्हा बोलायला लागतात. उंदरांच्या मेंदूत कोणतं जनुक कोणत्या घटकेला किती बोलतंय, हे मोजायलाच आम्ही दर चार तासांनी नमुने घेतो. ही फेरी आपली आपण चालते, पण बरोबर चोवीस तासांची नसते. तुझी साधारण साडेचोवीसची दिसते. वरचा अर्धा तास आमच्यासारख्यांचा रोज दुरुस्त होतो, डोळ्यांतून आत जाणाऱ्या उजेडाने. तुझ्या आत उजेड जात नाही. म्हणून तुझी रात्र रोज अर्धा तास उशिरा पडते, सरकत सरकत दिवसात येते आणि अठ्ठेचाळीस दिवसांनी जगाच्या रात्रीला परत येऊन मिळते. तू मला हेच लिहिलं होतंस, शब्दन् शब्द. मी त्यावर सासुरवाशिणीचा विनोद केला.

मला का दिसलं नाही, ते विचार. उंदरांची फेरी चोवीसहून जरा कमी असते, ते रोज थोडे आधी उठतात. आमच्या कागदावर त्यांच्या पट्ट्यांची रेघ खाली येता येता डावीकडे कलते. तुझी उजवीकडे कलते. सोळा वर्षं डावीकडे बघून माझी मान तिकडेच आखडली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच.

आता मुद्द्याचं. चोवीस जुलैला सकाळी अकरा वाजता तुझ्या डोक्यात मध्यरात्र असेल. तू तिथे झोपशील, कितीही चिमटे काढ. मी एक पाकीट बंद करून अधिकाऱ्यांकडे आधीच पाठवते. त्यात लिहिते, सतराला तू सकाळच्या चहापर्यंत पेंगशील पण जेवणानंतर टवटवीत असशील, वीस तारखेला झोप दुपारपर्यंत जाईल, चोवीसला अकराला गाढ. सुपरवायझरने नोंद ठेवायची, सुनावणीत पाकीट फोडायचं आणि पडताळायचं. याच्यावर कोणाला तोंड उघडता येणार नाही.

यावर गोळी आहे, बारीकशी, रोज रात्री ठरल्या वेळेला घ्यायची. आमच्या बाईंनी तुमच्याकडच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय. पण ती आत्ता घेऊ नकोस. घड्याळ आत्ताच हललं तर पुरावा जाईल.

ताई


१२ जुलै

ताई,

हिने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तुला वाटेल मला बरं वाटलं. वाटलं, एवढासा क्षण. मग शेवटाला आलो.

म्हणजे माझ्यावर औषध आहे. नऊ वर्षं होतं. माझी सख्खी बहीण ज्या खोलीत बसते, तिच्या शेजारच्या खोलीत ते माहीत असलेली बाई बसते. आणि आता ते मिळालंय तर मी घ्यायचं नाही! बरा होऊ नकोस, पुरावा हो. उंदरांना निदान कोणी पाकीट पाठवून सांगत नाही की अमुक दिवशी तुमची फजिती आहे.

चार माणसांसमोर तोंड उघडं टाकून झोपायचं, तेही ठरवून. मार्चमध्ये त्यांना सांगितलंस हा अजगर आहे, जुलैत सांगणार हा उंदीर आहे. मधे कधी माणूस म्हणून ओळख करून देशील?

हिचं म्हणणं आहे की ऐकावं. पोरीची फी, घर, सगळं त्या टेबलावर आहे. ते मलाही कळतं, मी आंधळा आहे, खुळा नाही. तेव्हा गोळी घेत नाही. पाठव तुझं पाकीट. पण एक अट. बोलणार मी. पाकीट नंतर. आधी मला बोलू द्यायचं, झोप आली तर हलवून जागं करायचं, तोंडावर पाणी मारायचं, पण मला माझं पूर्ण बोलू द्यायचं. कबूल असेल तर ये. नसेल तर तुझे कागद तुझ्यापाशी ठेव.

छोट्या


१६ जुलै

छोट्या,

कबूल. पाकीट काल पोचतं केलं. तेवीसला रात्री पोचते. आधी तू बोलशील, शब्द देते.

ताई


२६ जुलै

ताई,

तू परवा संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मी तुझ्याशी एक शब्दही बोललो नाही. पत्र लिहितोय, कारण पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

नोकरी राहिली. चारही मेमो मागे घेतले. झोप ताळ्यावर येईपर्यंत कामाच्या वेळा माझ्या मी ठरवायच्या. मॅनेजरने माझा हात हातात घेऊन हलवला, सुपरवायझर म्हणाला, "आम्हाला काय कल्पना?" हे सगळं मला जाग आल्यावर कळलं.

मला आठवतंय ते एवढंच. खुर्चीवर बसलो. अधिकारी म्हणाले, आधी नोंदी वाचू. सुपरवायझर तारखा वाचत होता आणि मी आत माझं पहिलं वाक्य घोळवत होतो. मग पोतं आलं.

पुढचं हिने घरी येताना सांगितलं. पाकीट फोडलं, नोंदी तंतोतंत जुळल्या. अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना उठवा, यांचं म्हणणं ऐकू." ही उठून माझ्या खांद्याला हात लावणार तोच तू म्हणालीस, "उठवू नका. हाच तर पुरावा आहे." आणि सगळ्यांनी मान डोलावली. मग टायपिस्ट बाईने टाळ्या वाजवल्या म्हणे. कोणासाठी वाजवल्या? मी तर घोरत होतो.

तू शब्द दिला होतास. लेखी आहे, माझ्या खणात आहे. तीनच ओळींचं पत्र होतं, त्यातली शेवटची ओळही पाळता आली नाही तुला?

जिंकलो ना मग रडतोस कशाला, असं ही म्हणते. मी रडत नाही, मला चीड आलीय. तुमची सुनावणी माझ्याबद्दल होती आणि तिथे मी सोडून सगळे होते. माझं म्हणणं कोणी ऐकलं नाही, आणि आता कोणाला ऐकायची गरजही नाही, कारण तुझी जनुकं माझ्या वतीने बोलली.

मी त्यांना विचारणार होतो. झोपलो म्हणून तुम्ही मला चार कागद दिलेत. माझे डोळे तुमच्या टाकीपाशी गेले तेव्हा मी टक्क जागा होतो. झाकण तुटलंय म्हणून तीनदा सांगून आलो होतो. त्या झाकणाचा मेमो कोणाला दिलात? त्या दिवशी कोण झोपलं होतं? एवढंच. पाच मिनिटांचं काम.

ते मी बोलणारच आहे. मॅनेजरच्या खोलीत, दार बंद करून नाही, उघडं ठेवून. ती गोळी त्यानंतर घेईन. तू मला फक्त एक काढून दे. तुझे कागद घे, रेघ ओढ, आणि मला तो दिवस आणि ती वेळ सांग जेव्हा मला झोप येऊच शकत नाही.

छोट्या


३० जुलै

छोट्या,

होय, मीच म्हणाले, उठवू नका. डाव जिंकताना दिसला आणि तुला दिलेला शब्द तोंडाशी असूनही गिळला. माफी मागत नाही, कारण तू ती देशील आणि मला ते नको.

शुक्रवार, सतरा ऑगस्ट, सकाळी अकरा. त्या दिवशी तुझी रात्र आणि जगाची रात्र एकाच वेळी पडते. अकराच्या ठोक्याला तुझ्या डोक्यात लख्ख दिवस असेल. गोळीही त्याच रात्रीपासून घे, डॉक्टर म्हणतात सुरुवातीला तोच दिवस चांगला.

मॅनेजरची वेळ तूच माग. मी कोणाला काही लिहिणार नाही आणि मी येणारही नाही. आवाज खाली ठेवू नकोस.

ताई